तिसऱ्या दिवसाच्या चौदाव्या टीसाठी

पुण्यातला थंडीचा मोसम म्हणजे गोल्फ स्पर्धांचा मोसम. हौशी खेळाडू एरवी रविवारी सकाळी अठरा होल (म्हणजे एक पूर्ण फेरी) खेळतो, जेवतो आणि दुपारी ताणून देतो. या वेळापत्रकाला सरावलेलं शरीर सलग तीन दिवसांच्या स्पर्धेत पहिला दिवस सहज काढतं. दुसऱ्या दिवशी कुरकुरतं. तिसऱ्या दिवशी बाराव्या-तेराव्या होलनंतर पाय थंडावतात, कंबर वळायची थांबते आणि सगळा फटका हातांनी मारला जातो. मग चेंडू डावीकडे ओढला जातो किंवा थेट उजवीकडे निसटतो, आणि खेळाडू म्हणतो, ‘स्विंग बिघडला.’ बहुतेक वेळा स्विंग (काठी फिरवण्याची क्रिया) बिघडलेला नसतो, पाय संपलेले असतात. म्हणून सगळी तयारी तिसऱ्या दिवसाची चौदावी टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) डोळ्यांसमोर ठेवून करायची. तिथे जो ताजातवाना पोचतो, त्याला पहिल्या टीची चिंता करावी लागत नाही.

आठ आठवडे आधीपासून

अठरा होल चालत खेळलात तर आठ ते दहा किलोमीटर होतात, तेही साडेचार-पाच तासांत, थांबत-चालत, चढउतारावर, उन्हात. कॅडी बॅग वाहत असला तरी पाय तुमचेच झिजतात. ट्रेडमिलवरच्या सपाट चालण्याचा इथे फार उपयोग नाही. पुणेकरांना टेकड्यांची ददात नाही: वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी. आठवड्यातून दोनदा सव्वा ते दीड तास टेकडी चढा-उतरा आणि उतरताना घाई करू नका. मांड्यांवर खरा ताण उतारावर येतो, आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते त्यामुळेच.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटं, पुरेसे आहेत. छातीशी १२ ते १६ किलोचं वजन धरून स्क्वॅट, ८ चे ३ सेट. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कंबरेतून पुढे वाकायचा डेडलिफ्ट, ८ चे ३ सेट. एका पायावरचा तोच डेडलिफ्ट हलक्या वजनाने, कारण उतारावर उभं राहून फटका मारताना तोल एका पायावर येतो. साइड प्लँक दोन्ही बाजूंना ३० सेकंद, तीनदा. व्यायामाचा रबर बँड खिडकीच्या गजाला बांधून छातीसमोर ढकलायचा आणि अंग बँडच्या बाजूला वळू द्यायचं नाही, १० चे ३ सेट. शेवटी दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन ३० मीटर चालायचं, चार फेऱ्या. पकड, खांदे आणि कंबर एकदम कामाला लागतात, आणि जिमची फीही वाचते.

कंबरेबद्दल जरा सविस्तर, कारण हौशी गोल्फरला सर्वांत जास्त त्रास तिथेच होतो. स्विंगमध्ये वळण्याचं काम खुब्यांचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं आहे. दिवसभर खुर्चीत बसून हे दोन्ही आखडतात. वळायचं तर असतंच, मग ते काम कंबरेचे मणके करतात, जे फार वळण्यासाठी बनलेले नाहीत. तपासायला सोपं आहे: खुर्चीच्या कडेवर गुडघे काटकोनात ठेवून बसा, मांडी न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. नडगी तीस अंशांपर्यंतही जात नसेल, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा ठळकपणे कमी जात असेल, तर खुब्याचं आतलं वळण कमी आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा आखडलेला असला, की चेंडू मारून झाल्यावरचा सगळा मुरडा कंबरेवर येतो. उपाय रोजचा, दहा मिनिटांचा: जमिनीवर बसून दोन्ही गुडघे काटकोनात एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला टाकायचे, दहा वेळा. नंतर कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागे उघडायचा, प्रत्येक बाजूला आठ वेळा. पत्ता घेताना, म्हणजे चेंडूसमोर फटक्याच्या पवित्र्यात उभं राहताना, डावं पाऊल वीस-पंचवीस अंश बाहेर वळवून उभं राहिलात तरी निम्मा ताण कमी झाल्यासारखा वाटतो. दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर व्यायाम नाही, डॉक्टर.

दुसरी दुखरी जागा म्हणजे कोपर. ते बहुधा रेंजवरच्या (सराव मैदानातल्या) मॅटमुळे दुखतं. मॅटवर क्लब (गोल्फची काठी) चेंडूच्या मागे आपटला तरी घसरून पुढे जातो, चेंडू बरा उडतो, चूक लपते आणि धक्का मात्र कोपरापर्यंत पोचतो. म्हणून मॅटवर एका वेळी साठ-सत्तर चेंडूंच्या पुढे जाऊ नका. गवतावर मारायला मिळत असेल तर तिथेच मारा. झिजून गुळगुळीत झालेल्या ग्रिप बदला, त्या घट्ट धरण्यातच हाताची ताकद जाते. पण हे काम महिनाभर आधी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदललेली ग्रिप परक्या माणसाशी हस्तांदोलन केल्यासारखी वाटते.

पाचव्या ते सातव्या आठवड्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते, आणि नेमकी तीच बहुतेक जण टाळतात: लागोपाठचे दिवस. शनिवारी अठरा, रविवारी अठरा आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या आधी सात-आठ किलोमीटर चाल, शिवाय संध्याकाळी वीस मिनिटं पटिंग (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालण्याचा सराव). हे निदान दोनदा करा. पाय कुठे सोलतात, कुठला मोजा घासतो, दुसऱ्या दिवशी भूक कधी लागते, थकल्यावर तुमचा चेंडू कुठल्या बाजूला जातो, हे सगळं इथे कळतं. थकल्यावरची तुमची चूक डावीकडची आहे की उजवीकडची हे माहीत असणं ड्रायव्हरवर (सर्वांत लांब मारायच्या क्लबवर) वीस यार्ड वाढवण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

शेवटच्या आठवड्यात व्यायाम निम्म्यावर आणा. पायांचा जड व्यायाम स्पर्धेच्या पाच-सहा दिवस आधी संपवा. ‘अजून एकदा जोर लावू’ म्हणणारे पहिल्या टीवर आखडलेल्या मांड्या घेऊन येतात. स्विंगमधले बदल तर तीन आठवडे आधीच बंद.

अंतरं: सकाळची वेगळी, दुपारची वेगळी

अनेक स्पर्धांत टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) दिवसागणिक बदलतात. पहिल्या दिवशी सकाळी सातचा, दुसऱ्या दिवशी साडेअकराचा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला १०-१२ अंश असतात आणि दुपारी ३० च्या आसपास. थंड, जड हवेत चेंडू कमी उडतो. थंड चेंडू क्लबच्या फेसवरून (चेंडूला लागणाऱ्या बाजूवरून) कमी वेगाने सुटतो आणि अंगही आखडलेलं असतं. सगळं मिळून मधल्या आयर्नला (मध्यम अंतराच्या लोखंडी क्लबला) सकाळी अर्धा क्लब जास्त लागतो, कधी पूर्ण एक, म्हणजे त्याहून लांब मारणारा पुढचा क्लब. चेंडू रात्रभर गाडीत ठेवू नका, घरात ठेवा.

दवाचे दोन उलट परिणाम होतात. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर) आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) चेंडू कमी घरंगळतो, पट (घरंगळवायचा फटका) जोराने मारावा लागतो. पण ओल्या रफमधून (उंच गवतातून) क्लब आणि चेंडू यांच्यात पाणी आलं की फिरकी कमी होते, चेंडू जास्त लांब जातो आणि ग्रीनवर थांबत नाही. नवव्या-दहाव्या होलपर्यंत दव उडालं की ग्रीन बदलतात. पहिल्या तासातला अंदाज पुढे तसाच वापरणारा खेळाडू पट सहा फूट पुढे घालवत राहतो.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. मुंबईच्या मानाने इथे चेंडू दोन टक्के जास्त जातो, म्हणजे १५० यार्डांना तीनेक यार्ड. मुंबईहून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, इथून तिकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण ग्रीनच्या पुढच्या बंकरला (वाळूच्या खड्ड्याला) तीन यार्ड पुरतात.

कोर्सनुसारही (मैदानानुसारही) बरंच बदलतं. येरवड्यातल्या पूना क्लबच्या कोर्सवर झाडांच्या मधून सरळ मारण्याला किंमत आहे. बावधनच्या बाजूच्या टेकड्यांवरच्या ऑक्सफर्ड कोर्सला चढउतारांचं गणित आधी सोडवावं लागतं. ढोबळ हिशोब असा: तीन फूट उंचीला एक यार्ड. ग्रीन ३० फूट खाली असेल तर दहा यार्ड कमी धरा, वर असेल तर दहा जास्त. अंतर मोजायचं यंत्र नियमाने वापरता येतं, पण त्यातली उताराची सोय (चढउतार धरून अंतर सुधारणारी) स्पर्धेत बंद ठेवावी लागते. यावर साधा मार्ग म्हणजे सराव फेरीत ती सोय चालू ठेवा, प्रत्येक महत्त्वाच्या जागेवरून खरं अंतर आणि सुधारलेलं अंतर वहीत लिहा, आणि स्पर्धेच्या सकाळी बटण बंद केल्याची खात्री करा.

सराव फेरीत स्कोर मोजू नका. टीवरून एक चेंडू पुरे. ग्रीनभोवती मात्र तीन-चार चेंडू टाका: कुठल्या बाजूला चुकलं तर सावरता येतं आणि कुठल्या बाजूला चुकलं तर दुहेरी बोगी (त्या होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन जास्त) ठरलेली, एवढंच शोधायचं. त्या दिवशी होलमधला झेंडा जिथे आहे तिथे पट करण्यात वेळ घालवू नका, स्पर्धेत तो तिथे नसेल. ग्रीनच्या चार कोपऱ्यांतले सपाट तुकडे बघा, झेंडे तिथेच लागतात. वहीत प्रत्येक होलला दोनच ओळी: टीवर कुठला क्लब, आणि ‘इथे नको’.

वहीत क्लबची अंतरं लिहिताना हवेतून जाणारं अंतर लिहा, घरंगळून थांबेपर्यंतचं नाही. आणि वीस चेंडू मारून वाईट चेंडू वगळू नका. सातच्या आयर्नचे वीसही चेंडू मोजले की कळतं, आपला ‘१५० चा क्लब’ खरं तर १३० ते १५२ चा क्लब आहे, आणि डावी-उजवी पसरण ग्रीनच्या रुंदीहून जास्त आहे. मग झेंड्यावर नेम धरण्याची हौस आपोआप कमी होते. ग्रीनच्या मध्यावर मारायचं आणि एक क्लब जास्त घ्यायचा. हौशी खेळाडूचा चेंडू ग्रीनच्या पलीकडे क्वचित जातो, अलीकडे रोज पडतो.

बॅग, पाय, पोट

बॅग आदल्या संध्याकाळी रिकामी करून पुन्हा भरा. क्लब मोजा. चौदाच्या वर एक जरी असेल तर ज्या होलवर तो बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन स्ट्रोक (फटके) दंड, फेरीत जास्तीत जास्त चार. सरावाला टाकलेला जादा वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब) नेमका असाच राहून जातो. एकाच मॉडेलचे आठ-नऊ चेंडू घ्या, सगळ्यांवर एकसारखी स्वतःची खूण करा. हातमोजे तीन, आलटून पालटून. घामाचा हातमोजा बॅगेच्या कप्प्यात कोंबला की दुसऱ्या दिवशी पापडासारखा कडक मिळतो. तो बाहेर अडकवून वाळू द्या. बूट जुनेच, शक्यतो दोन जोड, कारण दवात पहिला भिजतो. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलेला बूट आकसतो. नऊ होलनंतर पायमोजे बदला. टाच किंवा अंगठा जिथे आधी घासला होता तिथे फोड यायच्या आधी टेप लावा, आल्यावर नाही.

खाण्यात हाफवे हाउसइतका (नऊ होलनंतरच्या खाण्याच्या जागेइतका) घात कुठेच होत नाही. चार तासांची भूक, समोर ऑम्लेट-पाव, वडे आणि कोल्ड्रिंक, आणि मग दहा, अकरा, बारा या तीन होलवर डोळ्यांवर झापड. भूक लागेपर्यंत थांबूच नका. चौथ्या, आठव्या, बाराव्या आणि पंधराव्या टीवर थोडं थोडं खा: केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, दोन खजूर. टी सकाळी ७.१० ची असेल तर सव्वापाचला तूप-गूळ लावलेल्या दोन लहान पोळ्या किंवा लहान वाटीभर पोहे आणि चहा, एवढंच. भरपेट नाश्ता पचायला दोन-अडीच तास लागतात, तेवढ्यासाठी पावणेपाचला जेवत बसणं शहाणपणाचं नाही. मिसळ बक्षीस समारंभानंतर. चवदार आहे म्हणून ती योग्य वेळेला योग्य ठरत नाही.

पाणी: थंडीत तासाला ३०० ते ४०० मिली, उन्हाच्या दिवशी ५०० ते ६००, घोट घोट. एका लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू, ही घरगुती बाटली उन्हाच्या दिवशी साध्या पाण्याबरोबर ठेवा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर साखर-मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा. लागोपाठच्या खेळात तूट साठत जाते. सरावाच्या दिवशी फेरीआधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या सव्वा ते दीडपट परत प्यायला हवं. लघवी गडद असेल तर दुसऱ्या दिवसाची सुरुवात आधीच कर्जात आहे. पहिल्या संध्याकाळच्या पार्टीतली बिअर झोपही खाते आणि पाणीही. ती तिसऱ्या संध्याकाळी प्यावी हे सांगून कोणी ऐकत नाही, तरी सांगून ठेवतो.

फेरीनंतर तासाभरात वरण-भात, दही, अंडी किंवा पनीर, असं नीट जेवण. दहा मिनिटं सावकाश चालणं, खुब्यांचे तेच दोन व्यायाम, पाय भिंतीला टेकवून वर. रेंजवर ‘आजची चूक दुरुस्त’ करायला बसू नका. फार तर वीस वेज आणि दहा मिनिटं पट. दिवसाची फेरी संपल्यावर कोर्सवर सराव करायला मूळ नियमांची हरकत नाही, पण स्पर्धेच्या समित्या तो बऱ्याचदा बंद करतात. अटींचा कागद वाचा. फेरीच्या आधी, त्याच दिवशी, कोर्सवर सराव मात्र चालत नाही. पहिल्या टीजवळ पट किंवा चिप (चेंडू थोडा उचलणारा छोटा फटका) आणि ठरलेल्या सराव जागा, एवढीच मुभा.

डोक्याचं काम

आधी स्वतःचा पार (अपेक्षित फटक्यांचा आकडा) ठरवा. समजा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) १४.२, कोर्सचा स्लोप १२५ आणि रेटिंग ७१ (कोर्स किती अवघड ते सांगणारे आकडे), पार ७२. १४.२ ला १२५ ने गुणून ११३ ने भागा, त्यात ७१ वजा ७२ मिळवा: १४.७. वैयक्तिक स्ट्रोक (एकूण फटके मोजायच्या) किंवा स्टेबलफर्ड (दर होलला गुण मिळणाऱ्या) स्पर्धेसाठी त्याचे ९५ टक्के, म्हणजे १४. स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते १४ च्या होलवर तुम्हाला एकेक स्ट्रोक सूट मिळतो, तेव्हा तिथे बोगी (पारपेक्षा एक जास्त) हाच तुमचा पार. कार्डावर आदल्या रात्री हे आकडे पेन्सिलने लिहा. सर्वांत अवघड, चार पारच्या होलवर पाच मारून वैतागलेला माणूस बघितला की समजावं, याने हे केलेलं नाही.

मग अठरा होलचे तीन-तीनचे सहा तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. हे एवढ्यासाठी, की पहिल्या दिवसानंतर डोक्यात आकडेमोड सुरू होते. चांगला दिवस गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आघाडी जपायला लागतो. चेंडू ‘ठेवायला’ जातो, खाली येताना क्लब मंदावतो. वाईट दिवस गेलेला सहाव्या होलच्या आत सगळं वसूल करू बघतो आणि झाडांमधल्या दोन फुटी फटीतून ३ वूड (लांब मारायचा क्लब) मारतो. दोघांचंही दुखणं एकच: डोक्यातली आकडेमोड. तीन होलच्या तुकड्यात वसूल करण्यासारखं फारसं नसतं आणि जपण्यासारखंही नसतं.

फटक्याआधीचा क्रम एकच ठेवा आणि मित्राला फोनवर वेळ लावायला सांगा. नियम ४० सेकंदांच्या आत मारायची शिफारस करतात, तुमचा क्रम २५-३० मध्ये बसला पाहिजे. चेंडूच्या मागे उभं राहून क्लब आणि लक्ष्य ठरवायचं, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, एक सराव स्विंग, पत्ता, एक नजर, फटका. दडपणाखाली हा क्रम लांबतो किंवा घाईचा होतो. दोन्ही वेळी पकड घट्ट होते. म्हणून श्वास सोडताना मुद्दाम बोटं सैल करा. डोक्यात स्विंगचा एकच विचार, तोही तिन्ही दिवस तोच.

वाईट फटक्यानंतर बॅग खांद्यावर येईपर्यंत चिडायला मोकळीक द्या, त्यानंतर विषय बंद. संकटातला पहिला फटका फेअरवेवर परत आणणारा. बंकरमधला पहिला फटका बंकरबाहेर आणणारा. स्टेबलफर्डमध्ये गुण मिळणं अशक्य झालं की चेंडू उचला, पाय वाचवा.

सोबत्यांचे सल्ले घेऊ नका. पुण्यात सल्ला फुकट मिळतो, स्पर्धेत त्याचे दोन स्ट्रोक पडतात: कुठला क्लब मारला हे प्रतिस्पर्ध्याला विचारणाऱ्यालाही आणि सांगणाऱ्यालाही. कॅडीला विचारता येतं, पण रोजची एक सवय इथे नडते. तुम्ही पत्ता घ्यायला लागल्यावर कॅडीदादा चेंडूच्या मागे फटक्याच्या रेषेत मुद्दाम उभे राहून ‘साहेब, थोडं डावीकडे’ म्हणत असतील, तर तो दंड आहे, टीवरही आणि ग्रीनवरही. हे त्यांना आदल्या दिवशीच नीट सांगा आणि सराव फेरीतही तसंच वागा.

टीवर पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन स्ट्रोक, त्यापुढे बाद. कोथरूडहून येरवड्याला किती वेळ लागतो हे सकाळी साडेपाचला वेगळं असतं आणि साडेदहाला वेगळं. टीच्या सव्वा तास आधी पोचायचं ठरवा. त्यातली दहा मिनिटं अंग हलवायला, वीस मिनिटं रेंजवर तीस-पस्तीस चेंडू, वेजपासून सुरू करून वर, आणि शेवटचे दोन चेंडू पहिल्या टीवर वापरायच्या क्लबने. मग दहा मिनिटं पट: आधी तीस फुटांवरून फक्त वेग, शेवटी तीन फुटांचे सहा, सगळे आत. तिसऱ्या दिवशी रेंजवरचे चेंडू वीसवर आणा, अंग हलवण्याची वेळ पंधरा मिनिटांवर न्या.

आणि कार्ड. तिसऱ्या दिवशी अठराव्या ग्रीनवरून येताना पाय, डोकं, डोळे सगळंच थकलेलं असतं, आणि आपला स्कोर दुसऱ्याने लिहिलेला असतो. सावलीत बसा, पाणी प्या, मार्करबरोबर (तुमचा स्कोर लिहिणाऱ्याबरोबर) एकेक होल मोठ्याने वाचून ताडा. एखाद्या होलचा आकडा प्रत्यक्षाहून जास्त लिहिला गेला तर तोच कायम राहतो, कमी लिहिला गेला तर तुम्ही बाद. बेरीज समितीने करायची असते, होलचे आकडे तुम्ही तपासायचे. सही त्यानंतर.